कुशीवर झोपवत नाही? खुब्याच्या बाहेरचं दुखणं कसं ओळखायचं, कसं बरं करायचं

ठाण्याच्या नौपाड्यात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. "कंबर धरलीय" म्हणत कोणी आलं की मी आधी एवढंच सांगते, दुखतं ते एका बोटाने दाखवा. अख्खा पंजा फिरवून नाही, एका बोटाने. काहींचं बोट पाठीच्या मणक्याशी जातं, काहींचं जांघेत. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच बायकांचं बोट जातं मांडीच्या वरच्या टोकाला, अगदी बाहेरच्या अंगाला, कुर्त्याच्या खिशात हात घातला की जे हाड लागतं तिथे. हे दुखणं कंबरेचं नसतं. बहुतेक वेळा खुब्याच्या सांध्याचंही नसतं. ते त्या हाडावर येऊन चिकटणाऱ्या टेंडनचं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं असतं.

कुल्ल्यातले दोन स्नायू, ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस, टेंडनच्या रूपाने या हाडाला जोडलेले असतात. आपण एका पायावर उभे असतो तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकू न देणं हे त्यांचं काम. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर असतो, त्यामुळे ठाणे स्टेशनचा पूल चढा की घरात भाजी चिरत उभ्या राहा, यांना सुट्टी नाही. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे गेला, म्हणजे पायावर पाय टाकला किंवा एका बाजूला कंबर काढून उभं राहिलं, की मांडीच्या बाहेरून जाणारा जाड पट्टा या टेंडनला हाडावर दाबतो. वरून भार, खालून हाड, मध्ये टेंडन. रजोनिवृत्तीच्या आसपास टेंडनची ताकद कमी होते, वजन थोडं वाढलेलं असतं, आणि त्यातच कोणीतरी "चालायला जा" म्हणून मागे लागलेलं असतं.

रिपोर्टवर "टेंडनला सूज" किंवा "बर्सायटिस" (टेंडनजवळच्या पातळ पिशवीची सूज) असं लिहून येतं. सूज असतेही थोडीफार. पण मुख्य बिघाड टेंडनचे धागे आतून विस्कटल्याचा असतो, म्हणून सुजेच्या गोळ्या पाच दिवस बरं वाटू देतात आणि सहाव्या दिवशी दुखणं जागच्या जागी. विस्कटलेले धागे पुन्हा तयार होतात ते बेताबेताने भार दिल्यावर. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे: टेंडन चेपू द्यायचा नाही आणि त्याला कामाला लावायचं.

घरी ओळखायचं कसं

कुशीवर वळून ते हाड अंगठ्याने दाबून बघा. दोन्ही बाजूंचं दाबा, कारण थोडं दुखणं कोणालाही होतं. दुखऱ्या बाजूला "आई गं" निघालं तर संशयाला जागा आहे. दाबूनही तिथे काहीच दुखलं नाही तर हे ते दुखणं नाही असं समजून दुसरीकडे शोध घ्यायचा. पण नुसतं दाबून दुखलं एवढ्याने निदान पक्कं होत नाही.

पक्कं करायला मला सगळ्यात आवडते ती एका पायावर उभं राहण्याची परीक्षा. भिंतीजवळ उभ्या राहा, आधारापुरतं एक बोट भिंतीला लावा, चांगला पाय उचला आणि दुखऱ्या पायावर 30 सेकंद थांबा. तेवढ्यात बाहेरच्या हाडाशी ओळखीची कळ आली तर टेंडनचंच दुखणं असण्याची शक्यता खूप वाढते. पाचपाखाडीतल्या एक काकू माझ्याकडे आल्या त्या कंबरेच्या एमआरआयची फाइल छातीशी धरूनच. त्यात डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली होती. पन्नाशीनंतर काही न दुखणाऱ्या माणसाचाही एमआरआय काढला तरी असा बल्ज बहुधा सापडतो. कचराळी तलावाच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या, याचं त्यांना जास्त दुःख. मी त्यांना एका पायावर उभं केलं. त्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या, छान लय लागली होती. निम्मा वेळ गेला आणि वाक्य अर्धवट तुटलं. दुसरा हात आपोआप हाडावर गेला. "हेच. रात्री हेच होतं." फाइल मी नंतर उघडली.

तिसरी खूण रात्रीची. दुखऱ्या कुशीवर झोपलं की अर्ध्या-एक तासात जाग येते. चांगल्या कुशीवर झोपलं तरी दुखतं, कारण वरचा पाय पुढे घसरून गुडघा गादीला टेकतो आणि टेंडन पुन्हा ताणला जातो. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत पडतात, मग जरा सुटं वाटतं. कळ मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरू शकते. म्हणूनच हिला सायटिका समजून महिनोन्महिने कंबरेचे पट्टे वापरले जातात.

आता हे काय नाही ते. मोजे घालताना, पायाची नखं कापताना पाय वळतच नसेल आणि दुखणं जांघेत असेल, तर सांधा झिजल्याची शंका आधी घ्यावी. टेंडनवाल्या बायका मोजे सहसा घालू शकतात. कळ गुडघ्याखाली पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, बोटं बधीर होत असतील, तर कंबरेची शीर तपासायला हवी. तरुण किंवा मध्यमवयीन माणसाला जांघेत दुखतंय आणि पूर्वी स्टिरॉइडचा कोर्स झालाय किंवा दारू जास्त आहे, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित झालेला असू शकतो. कोविडनंतर मुंबईत अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत. पावसाळी मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना पळताना जांघेत कळ येत असेल तर पळणं तिथेच थांबवा; हाडाला बारीक तडा असू शकतो.

आणि यांपैकी काही असेल तर माझा लेख बंद करून डॉक्टर गाठा: पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, ताप आहे, कुठल्याही स्थितीत न थांबणारं रात्रीचं दुखणं आहे, वजन कारण नसताना उतरतंय, किंवा आधी कॅन्सर झालेला आहे. वयस्कर माणूस बाथरूममध्ये घसरला आणि "चालतोय की थोडंफार" म्हणून दोन दिवस घरीच तेल चोळत बसले, असं करू नका. खुब्याचं मोडलेलं हाड कधीकधी थोडं चालू देतं.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. एक साधा एक्स-रे पुरेसा असतो, तो सांधा आणि हाड ठीक आहे हे बघायला. सोनोग्राफीत टेंडन दिसतो, पण ती करणाऱ्याचा हात चांगला हवा. एमआरआय पहिल्याच दिवशी नको. टेंडनमधले बदल न दुखणाऱ्या लोकांतही दिसतात आणि मग माणूस रिपोर्टवर उपचार करत बसतो.

आधी चेपणं थांबवा

व्यायामाआधी हे, कारण दिवसाचे दहा तास टेंडन हाडावर दाबत राहिलात तर माझा पंधरा मिनिटांचा व्यायाम काय करणार?

पायावर पाय टाकून बसणं बंद. ऑफिसात, रिक्षात, टीव्हीसमोर, सगळीकडे. दोन्ही पावलं जमिनीवर, गुडघ्यांत थोडं अंतर, आणि गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली राहतील एवढी उंच बैठक. सोफा खोल असेल तर खाली घट्ट उशी घ्या. स्कूटरवर मागे एका अंगाला पाय सोडून बसायची सवय असेल तर काही महिने ती मोडा.

उभं राहण्यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो. लोकलच्या दाराजवळच्या पार्टिशनला टेकून एका पायावर सगळा भार, कंबर बाहेर काढलेली. आरतीला उभ्या असतानाही तीच तऱ्हा. गणपतीत आरत्यांची संख्या वाढते तशी माझ्याकडची गर्दी वाढते, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. दोन्ही पायांवर सारखा भार ठेवा, पाऊलभर अंतर ठेवून. आणि नातवाला कडेवर घेणं! कडेवर मूल म्हणजे एक कंबर बाहेर काढून तिच्यावर दहा किलो ठेवणं. आजीला हे सांगणं कठीण असतं, म्हणून मी सांगते की बसून मांडीवर घ्या, नाहीतर समोरून छातीशी धरा.

मांडी घालण्याबद्दल सगळ्या विचारतात. मांडी घातल्याने ज्यांना दुखत नाही त्यांनी बिनधास्त घालावी. दुखत असेल तर खाली जाड उशी किंवा पाट घ्या. खरा त्रास असतो पाय एका बाजूला दुमडून बसण्याचा, जसं पूजेला किंवा हळदीकुंकवाला साडी सावरत बसतो तसं. ते सोडा. जमिनीवरून उठताना हाताचा आधार घ्या, त्यात कमीपणा नाही.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा. ताण देणं बंद. योगवर्गात जाणाऱ्या बायका इथे माझ्यावर रागावतात. बाहेरची बाजू आखडल्यासारखी वाटते, ताण दिला की दोन मिनिटं सुटल्यासारखं वाटतं, म्हणून त्या गोमुखासन आणि वक्रासन आणखी जोरात करतात. या दोन्ही आसनांत मांडी मध्यरेषेच्या पलीकडे जाते, म्हणजे टेंडन बरोबर हाडावर दाबला जातो. रात्री दुखणं वाढतं आणि सकाळी पुन्हा तेच आसन. योग सोडू नका, ही दोन आणि पायावर पाय चढवणारी इतर आसनं तेवढी बाजूला ठेवा. शिक्षकांना सरळ सांगा, समजूतदार शिक्षक बदली आसन देतात.

चोळण्याचंही तसंच. महानारायण तेल हलक्या हाताने लावून शेक घेतला तर छान वाटतं, घ्या. पण हाडावर अंगठा रुतवून, किंवा फोम रोलरवर अंग टाकून रगडणं म्हणजे दुखऱ्या टेंडनला आणखी चेपणं. मालिश करायचीच असेल तर मागे कुल्ल्याच्या मांसल भागावर, हाडापासून लांब.

चालणं पूर्ण बंद करू नका. कचराळी असो, उपवन असो की तलावपाळी, निम्म्या फेऱ्या करा, सपाटीवर, पावलं छोटी टाकत. येऊरचा चढ काही महिने विसरा. लंगडत चालायला लागलात की तिथून परत फिरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा धरून. काठी लागलीच तर ती चांगल्या बाजूच्या हातात धरायची. नव्वद टक्के घरांत ती दुखऱ्या बाजूला धरलेली मी बघते.

रात्र सावरणं

उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी, ही सगळ्यात चांगली स्थिती. ज्यांना उताणं झोपच येत नाही त्यांनी चांगल्या कुशीवर झोपावं आणि दोन पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उशी ठेवावी. नुसती गुडघ्यात ठेवलेली छोटी उशी उपयोगाची नाही, पाऊल खाली लोंबतं आणि मांडी वळतेच. घरातला लांब लोड यासाठी उत्तम. गादी कडक असेल किंवा जमिनीवर झोपत असाल तर दुहेरी गोधडी अंथरा. या एवढ्याशा बदलाने पुष्कळ जणींची झोप पहिल्या काही आठवड्यांतच सुधारते, आणि झोप सुधारली की व्यायामाला अंगात त्राण येतं.

व्यायाम

पहिला, दुखणं तापलेलं असतानाही चालणारा. उताणं झोपा, गुडघ्यांखाली उशी, पाय कंबरेच्या रुंदीएवढे लांब. गुडघ्यांच्या वर जुनी ओढणी घट्ट बांधा. आता दोन्ही गुडघे बाहेर उघडायचे आहेत अशा बेताने ओढणीवर हळूच दाब द्या. ताकदीच्या चौथाईएवढाच. ओढणी हलत नाही, गुडघे हलत नाहीत, फक्त कुल्ल्याच्या बाजूला स्नायू घट्ट झालेला जाणवला पाहिजे. पंधरा-वीस सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, सोडा. असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. याने दुखता कामा नये. दुखलं तर जोर जास्त लागतोय.

दुसरा, कंबर उचलणं. गुडघे वाकवून, पावलं कंबरेएवढ्या अंतरावर. तीन आकडे मोजत कंबर वर, तीन मोजत खाली. दहा-दहाचे दोन फेरे. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पावलं कुल्ल्याच्या जवळ घ्या. दोनेक आठवड्यांत हे सोपं वाटू लागलं की वर असताना थोडा जास्त भार दुखऱ्या पायावर सरकवा. एका पायावर कंबर उचलणं हे पुढचं, त्याची घाई नको.

तिसरा, खुर्चीवरून उठ-बस. कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ठेवा, वर उशी, म्हणजे उंची मिळेल. हात न लावता उठा, तीन मोजत बसा. आरशात बघायचं ते गुडघ्यांकडे: ते आत एकमेकांकडे वळतात का, आणि शरीर चांगल्या पायाकडे कलतंय का. कलतंच, कारण अंग हुशार असतं, ते दुखऱ्या पायाची सुट्टी मंजूर करून टाकतं. भार मध्यावर आणा. जमायला लागलं की उशी काढा, मग दुखरा पाय अर्धं पाऊल मागे घेऊन उठा.

चौथा, ओट्याजवळ उभं राहून. हात ओट्यावर, हळूहळू भार दुखऱ्या पायावर न्या, पण कंबर बाहेर निघू द्यायची नाही. दुसऱ्या पायाची फक्त टाच उचला. दहा सेकंद. दोन्ही बाजूंची कंबर एका पातळीत राहिली तरच पुढे जायचं, म्हणजे पूर्ण पाऊल उचलायचं. इथे बायका सर्रास फसवतात, कंबर काढून उभ्या राहतात आणि "जमलं" म्हणतात. घरात कोणाला तरी मागून बघायला सांगा.

यानंतर पायरी. पाटाएवढ्या उंचीपासून सुरुवात, मग इमारतीच्या जिन्याची खालची पायरी. दुखरा पाय वर, कठड्याला बोटं, हळू चढायचं आणि त्याहून हळू उतरायचं. ओढणीचा व्यायाम रोज चालेल. हे भाराचे व्यायाम एक दिवसाआड. टेंडनला मधला दिवस लागतो.

मोबाइलवर दिसणारा कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला करू नका. पाय खाली आणताना तो मध्यरेषेपलीकडे पडतो. नंतर करायचाच तर दोन पायांत जाड उशी ठेवून.

किती दुखलं तर चालतं? व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल. खरा निकाल रात्री आणि दुसऱ्या सकाळी लागतो. रात्र नेहमीपेक्षा वाईट गेली, उठल्यावर जास्त लंगडलात, तर काल जास्त झालं; व्यायाम सोडू नका, एक पायरी खाली या. फरक दिसायला दोन महिने धरा, पूर्ण बरं व्हायला चार-सहा महिने, काहींना वर्षही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते. काहीजणी तोंड वाकडं करून जातात.

इंजेक्शन घ्यावं का

ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. या दुखण्याच्या 204 लोकांचे तीन गट केले होते: वर सांगितल्यासारखी माहिती आणि व्यायाम, स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, आणि नुसती वाट बघणं. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या साधारण 77 टक्के लोकांना चांगलं बरं वाटत होतं, इंजेक्शनवाल्यांपैकी 58 टक्क्यांना, वाट बघणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांना. वर्षाने हे आकडे 79, 58 आणि 52 होते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की वर्षाअखेरीस निव्वळ वेदनेच्या मोजमापात व्यायाम आणि इंजेक्शन यांत फारसा फरक उरला नव्हता; एकंदर सुधारणेत व्यायामवाले पुढे होते.

म्हणून मी इंजेक्शनच्या विरोधात नाही, पण पहिलं पाऊल म्हणून ते नको. झोपच लागत नाही, ओढणीचा व्यायामही सहन होत नाही, अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांनी एक इंजेक्शन दिलं तर आराम पडलेले आठवडे व्यायाम सुरू करायला वापरा. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, घरी तपासत राहा. एकावर एक इंजेक्शनं घेत राहणं टेंडनच्या हिताचं नाही. वेदनाशामक गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून महिना-महिना घेऊ नका, विशेषतः बीपी, किडनी किंवा पित्ताचा त्रास असेल तर. शॉकवेव्हने, म्हणजे यंत्राने बाहेरून दाबाचे ठोके देण्याच्या उपचाराने, काहींना फायदा होतो. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, महाग आहे आणि त्याबद्दलचे पुरावे उलटसुलट आहेत. चार महिने नीट व्यायाम केल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

तीन-चार महिने मन लावून करूनही एका पायावर उभं राहिल्यावर दुसरी कंबर खाली पडतेच आहे, चाल डुलते आहे, तर मात्र एमआरआय करा. टेंडन फाटलेला असू शकतो आणि मग सर्जनशी बोलायला हवं.

दुखणं थांबलं की बायका व्यायामही थांबवतात. कंबर उचलणं आणि पायरी, आठवड्यातून दोन-तीनदा, चालू ठेवा, आणि दोन्ही पायांचे करा, कारण दुसरी बाजू पुढे कुरकुरायला लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. नवरात्रात गरबा खेळायचा असेल तर त्याची तयारी आषाढापासून करा: आधी पायरी, मग झपझप चालणं, मग घरातच पाच-दहा मिनिटं नाचून दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी जाते ते बघा. पहिल्या वर्षी नऊच्या नऊ रात्री नकोत, एक आड एक खेळा. मंगळागौरीत गाणी म्हणा, फुगडी पुढच्या वर्षी.